निष्ठा, चिन्ह कुलूप

'कादंबरीचं मध्यवर्ती सूत्र स्पष्ट करा' हा प्रश्न मी बारावीच्या पेपरात इतकी वर्षं काढत आलेय, की आता तो माझ्या हातून आपोआप उतरतो. मुलं ठरलेलं उत्तर लिहितात, मी ठरलेले गुण देते आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण सांडूअण्णा गावंडे भेटल्यापासून हा प्रश्न लिहिताना मला मनातून ओशाळल्यासारखं होतं. अण्णांच्या मते मध्यवर्ती सूत्र स्पष्ट करायचं नसतं, ते निवडून आणायचं असतं. आणि निवडून आणण्यात अण्णांची उभी हयात गेली होती.

औरंगपुऱ्यात शिलाई मशिनच्या एका दुकानावर आमचं वाचक मंडळ भरायचं. खोली दुकानदार नंदूशेठची. खाली मशिनी दुरुस्त व्हायच्या आणि वर आम्ही राजकीय थरारकादंबऱ्या वाचायचो. दुसरं काही वाचायला अण्णांचा सक्त विरोध असे. एकदा कुणीतरी प्रवासवर्णन सुचवलं, तर म्हणाले, "त्याच्यात कुणी पडतच नाय. कुणी आलंबी नाय अन् पडलंबी नाय, तर वाचायचं कशापायी?"

मला मंडळात नेलं काझी सरांनी. ते आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक, राहायला खुलताबादला. बैठकीच्या दिवशी बसनं येत आणि येताना वाचलेल्या पुस्तकावर इतकं चिडलेले असत, की जिना चढता चढताच भांडायला सुरुवात करत. मी पहिल्या दिवशी जरा छाप पाडावी म्हणून बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला वाटतं, या कादंबरीचं मध्यवर्ती सूत्र सत्तेची लालसा आहे. आपण त्यावर चर्चा करू या."

कोपऱ्यातून पांढरा सदरा-पायजमा घातलेले, उंच, वाळलेले एक गृहस्थ उठले. हेच सांडूअण्णा.

"मॅडम, तुम्ही नव्या हायेत म्हणून सोडतो. आचारसंहिता लागली हाय."

"कसली?"

"परवा मतदान हाय. आता पुस्तकावर एक शब्द बोलायचा नाय."

वाचक मंडळात पुस्तकावर बोलायची बंदी, हे मला पचवायला वेळ लागला. पण पद्धत तशीच होती आणि ती अण्णांनी लावली होती. पुस्तक वाचून झालं की ज्याला जे सूत्र वाटेल ते त्यानं उभं करायचं. छाननी व्हायची. माघारीला मुदत असायची. मग अण्णा प्रत्येक सूत्राला चिन्ह देत, नंदूशेठ ते कागदावर काढून सुट्या भागांच्या रिकाम्या डब्यांवर चिकटवत. मतदाराला दुकानातलं एक बटण मिळे. पडद्यामागं जायचं आणि आपल्या सूत्राच्या डब्यात बटण टाकून यायचं. ज्याचं सूत्र अगदीच आपटलं त्याची अनामत जप्त, म्हणजे पुढच्या बैठकीला सगळ्यांसाठी गरम भजी त्यानं आणायची.

मी कधी कुणाला हे खरं म्हणून पटवू शकले नाही, पण माझ्या देखत 'प्रेम' या सूत्रानं माघार घेतली आहे. 'सूड' आणि 'महत्त्वाकांक्षा' यांची युती झाली आहे, आणि निकालानंतर नाव कुणाचं आधी लागणार यावरून ती तुटलीही आहे. 'भ्रष्टाचार' दर वेळी उभा राहायचा आणि दर वेळी पडायचा. अण्णा म्हणत, "लोकायला त्याची सवय झाली. सवयीच्या माणसाला मत पडत नसतंय."

दुसऱ्याचं कुठलंही सूत्र निवडून आणायची अण्णांची हातोटी होती. स्वतःचं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. पुस्तक कुठलंही असो, अण्णांचा उमेदवार एकच: निष्ठा. चिन्ह म्हणून त्यांना कुत्रा हवा होता, पण निवडणुकीत प्राण्यांचं चिन्ह देत नाहीत हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवलेला. म्हणून त्यांनी कुलूप घेतलं. आणि कुलपाच्या डब्यात दर वेळी एकच बटण निघे. अण्णा ते उचलून पुसून नंदूशेठला परत देत आणि पुढच्या वेळी भजी घेऊन येत. भजी मात्र त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या हातची असत, त्यामुळं निष्ठा पडावी अशी खाणाऱ्यांची आतून इच्छा असायची हेही सांगून टाकते.

वाचायची त्यांची तऱ्हाही न्यारी. राजकीय थरारकथेत शेवटी दगा देणारा माणूस बहुतेक वेळा नेत्याचा सगळ्यात जवळचा असतो, हे आता शाळेतल्या पोरालाही कळतं. अण्णांना ते शेवटच्या पानापर्यंत कळत नसे, आणि कळल्यावर पटत नसे. पीएनं पंतप्रधानाला विष घातलं, हे वाचून त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर आपटलं होतं.

"साहेबाचा माणूस असं करीत नसतोय! लेखकाला म्हाईत नाय."

"अहो अण्णा, लेखकानंच तो माणूस तयार केलाय," काझी सर म्हणाले.

"तयार केला असंल. पण वळखला नाय."

यावर काझी सरांनी कपाळाला हात लावला. त्या दोघांचं असं दर बैठकीत चाले आणि नंतर दोघं एकाच कपातला चहा बशीत वाटून पीत.

अण्णांच्या निष्ठेची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती, मला ती तुकड्यातुकड्यानं कळली. चितेगावची शेती भावांवर सोडून अण्णा तरुणपणी एका साहेबांच्या मागं लागले आणि त्यांच्या निवडणुका सांभाळू लागले. साहेबांनी पुढं बरेच पक्ष बदलले. अण्णाही बदलत गेले, पण त्यांना ते मान्य नव्हतं. "म्या एकबी पक्ष बदलला नाय. साहेब बदलायचे. म्या हितंच, साहेबाच्या मागं." शेवटच्या वेळी साहेब निघाले तेव्हा घाईत होते. गाडीत बसता बसता त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही इथंच राहा. यांच्यावर लक्ष ठेवा. मी सांगीन तेव्हा या."

तेव्हापासून अण्णा त्या सोडलेल्या पक्षाच्या कार्यालयात लक्ष ठेवून होते. सकाळी डबा घेऊन निघत, कार्यालय उघडत, फोन घेत, आलेल्याला पाणी देत आणि लक्ष ठेवत. आपण तिथं कुणाचे म्हणून आहोत हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि ते कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्ष एखादी गुप्त बैठक घ्यायची असली की प्रेमानं म्हणत, "अण्णा, जरा बाहेरून पान घेऊन या, आम्हाला गुपित बोलायचंय." अण्णा पान आणत आणि दारात खाकरून आत येत.

यात एक मोठी गोची झाली. कार्यालयात संशय येऊ नये म्हणून अण्णा तिथलं काम मन लावून करत, आणि निवडणुकीचं काम त्यांना वाईट करताच येत नसे. एका निवडणुकीत त्यांनी मतदान केंद्रांची अशी चोख बांधणी केली, की समोर उभा असलेला खुद्द साहेबांचा भाचा सपाटून पडला. त्या दिवशी मी विचारलं, "अण्णा, हे काय केलंत?"

"आता सौंशय कुणालाच येणार नाय," अण्णा म्हणाले. पण तोंड उतरलेलं होतं आणि दोन दिवस जेवले नव्हते, असं काकूंनी नंतर सांगितलं. काकूंच्या लेखी ही नोकरी होती. "ह्यांची बदलीच होईना बघा," असं त्या शेजारणींना सांगत. पुढं अण्णा गेले तेव्हा याच कार्यालयानं शोकसभा घेतली आणि अध्यक्षांनी भरल्या गळ्यानं सांगितलं, की असा निष्ठावंत कार्यकर्ता आमच्या पक्षाला पुन्हा मिळणार नाही. मी आणि काझी सर एकमेकांकडं न बघता खाली बघत बसलो.

दर सोमवारी अण्णा साहेबांच्या पीएला फोनवर अहवाल देत. एकदा आमची बैठकच सोमवारी आली आणि अण्णांच्या कानाला त्या दिवशी दडे बसलेले, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"काका," पलीकडचा माणूस म्हणत होता, "किती वेळा सांगू, मी पीए नाही. हा नंबर मला मिळालाय. मी पैठण रोडला जेसीबी चालवतो."

अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि आम्हाला हळूच म्हणाले, "सांकेतिक भाषा हाय."

"बरं बोला काका, पण लवकर. माती उपसायचीय."

"ऐकलं का? माती उपसायची म्हणतोय. म्हंजी खोलात जाऊन माहिती काढा."

मग अण्णांनी कार्यालयातली सगळी खबरबात सांगितली, आणि त्या भल्या माणसानं ती ऐकून घेतली. शेवटी "ठीक आहे काका, कळवतो" असंही म्हणाला. पुढं अण्णा तापानं अंथरुणावर पडले, तेव्हा सोमवार चुकला म्हणून त्याचाच उलटा फोन आला होता. मला त्या जेसीबीवाल्याला एकदा भेटायचं होतं, ते राहून गेलं.

हे सगळं आम्हाला हसायला पुरत असे, आणि आम्ही हसायचो. एका लग्नानंतर ते थांबलं.

लग्न काझी सरांच्या विद्यार्थ्याचं, बीड बायपासच्या मंगल कार्यालयात. साहेब येणार हे कळल्यावर अण्णांनी सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. साहेब आले, गर्दी दुभंगली, अण्णा पुढं झाले. साहेबांनी दोन्ही हात जोडले, हसले आणि विचारलं, "नमस्कार, नमस्कार. आपण कुठले?"

अण्णा म्हणाले, "चितेगावचा, साहेब."

"अरे वा. पाऊसपाणी कसं आहे?" आणि साहेब पुढं गेले.

मी आणि काझी सर शेजारीच उभे होतो. अण्णा मात्र वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "पाह्यलं का सर? एवढ्या माणसांत वळख दाखवली नाय! पक्का माणूस!" काझी सर जेवायला न थांबताच खुलताबादची बस धरून गेले.

त्यानंतर आमच्या हातात ते पुस्तक पडलं. औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून नंदूशेठनं आणलेलं. पुढचा पुठ्ठा नाही, शेवटची बरीच पानं नाहीत. पुस्तकाचं नाव काय, लिहिणारा कोण, शेवट काय, कशाचाच पत्ता नाही. गोष्ट अशी, की एका मंत्र्यानं आपला माणूस शत्रूच्या राजधानीत नेऊन बसवलाय. बोलावणं येईल तेव्हा ये, म्हणून सांगितलंय. मंत्री मोठा होतो, सरकारं पडतात, खून होतात, आणि हा बाबा एका खिडकीशी बसून निरोपाची वाट बघतो. एक दिवस दारावर थाप पडते, तो उठतो, आणि तिथं पान फाटलंय.

आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं ते वाचलं. अण्णांनी बैठकीत पहिल्या झटक्यात नाव दिलं, "निष्ठा. कुलूप." आवाजात असा हुरूप मी कधी ऐकला नव्हता.

"दुसरं सूत्र?" नंदूशेठनं विचारलं. दुसरं कुणी उभं करणार नाही अशी मला खात्री होती.

"विसर," काझी सर म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हंजे त्याला विसरले, अण्णा. पाठवणारा त्याला विसरून गेला. पुस्तक एवढंच सांगतंय."

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग निवडणूक अधिकाऱ्याच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "अर्ज वैध हाय. चिन्ह छत्री घ्या. छत्रीच लोक जास्ती विसरतेत." एवढं सगळं होऊनही त्यांनी शत्रूला चांगलं चिन्ह दिलं. मला सरांचा भयंकर राग आला. जिन्यात मी त्यांना तसं म्हणालेही, तर ते म्हणाले, "कुणीतरी सांगायला नको का त्यांना? आपण किती दिवस नुसतं बघत बसणार?"

मग अण्णांनी प्रचार सुरू केला. घरोघर गेले. माझ्याकडं आले तेव्हा चपला दाराशी नीट लावून खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, त्या माणसाला विसरलेलं नाय. राखून ठिवलेलं हाय. चांगलं हत्यार कुणी रोज वापरतंय का?"

मी मान हलवली. अण्णांची नजर माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडं गेली.

"तुम्ही तर मराठीच्या. खरं सांगा. पुढच्या पानावर काय असंल? त्याचा साहेब त्याला वळखंल ना वो?"

मी वर्षानुवर्षं मुलांना सूत्रं समजावून सांगते. पण हा प्रश्न पेपरातला नव्हता. अण्णांनी माझ्याकडून पुस्तकाचं नव्हे, आपल्या आयुष्याचं उत्तर मागितलं होतं, आणि ते मला येत होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "आचारसंहिता लागलीय."

अण्णा हसले. "लई चुकलो. खरं हाय तुमचं." आणि सुटल्यासारखे पटकन उठून गेले.

मतदानाच्या आदल्या दिवशी काझी सरांचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, एक काम करा. बटण कुलपातच टाका."

"पण सर, तुमचंच सूत्र बरोबर आहे."

"बरोबर असू द्या हो. बरोबर असून काय करायचंय? मी सगळ्यांना सांगतोय." स्वतःच्या उमेदवाराला पाडण्यासाठी त्यांनी खुलताबादेत बसून घरटी फोन केले होते. असला प्रचार अण्णांनीसुद्धा कधी पाहिला नसेल.

मतदानाला सगळे आले. पडद्यामागं जाऊन बटणं टाकून आलो. अण्णा शेवटी गेले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ आत राहिले. मग मोजणीला बसले. छत्रीचा डबा आधी उघडला. त्यात एक बटण होतं. मग त्यांनी कुलपाचा डबा उपडा केला आणि बाकीची सगळी बटणं टेबलावर सांडली.

आम्ही जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या संपता संपता सगळ्यांच्या नजरा काझी सरांवर गेल्या. शेवटच्या क्षणी या माणसाला राहवलं नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

"माझ्याकडं कैकू बघता?" काझी सर उभेच राहिले. "खुदा की कसम, मी माझ्या उमेदवाराला मत दिलेलं नाही!"

"म्यापण नाही," नंदूशेठ म्हणाले. "आईशप्पथ."

मग एकेकानं शपथ घेतली. मीही घेतली. खोलीत बोलायचे राहिले ते फक्त अण्णा. ते छत्रीच्या डब्याचं झाकण लावत होते आणि ते त्यांच्याकडून नीट बसत नव्हतं. तेव्हा आम्हाला कळलं.

"मतदान गुप्त असतंय," अण्णा वर न बघता म्हणाले. "इचारायचं नाय."

झाकण एकदाचं बसलं. ते उठले, सदरा खाली ओढला आणि जाहीर केलं, "निष्ठा परचंड बहुमतानं इजयी झाल्याचं घोषित करतो."

काझी सरांनी घाईघाईनं खिशातून गुलालाची पुडी काढली. अण्णांनी पुडीकडं पाहिलं.

"निकालाच्या आधीच आणलाव व्हय, सर?"

"नाही, नाही... माझ्या खिशात नेहमीच असतो," इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले.

अण्णांनी मान खाली केली, सरांचा हात पोचावा म्हणून. सरांनी गुलाल लावला, कपाळभर, आणि मग त्यांना चष्मा काढून उगीचच पुसावा लागला. गुलालाच्या बोटांनी पुसल्यामुळं तोही लाल झाला.

त्यानंतर पुढची बैठक भरायच्या आतच अण्णा गेले, त्यामुळं मला ते दिसतात ते त्याच संध्याकाळचे. आम्ही सगळे त्यांना सोडायला खाली रस्त्यावर आलो. औरंगपुऱ्यात ही गर्दी. नंदूशेठनं रिक्षा थांबवली. कपाळ, भुवया, सदऱ्याची कॉलर, सगळं गुलालानं माखलेलं. रिक्षावाल्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आसपास कुठं निवडणूक नव्हती, तो बिचारा गोंधळला होता.

"काका, कुणाचा गुलाल?"

अण्णा एक पाय आत टाकून थांबले. मागं वळून त्यांनी आमच्याकडं पाहिलं, काझी सरांकडं जरा जास्त वेळ.

"साहेबांचा," ते म्हणाले, आणि आत बसले.